मारुती ८०० चा फ्लोअर सडलाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची मारुती ८०० ही १९९९ सालची. तिचं सगळं आयुष्य रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या वाडीत गेलं. तिचा फ्लोअर मी दोनदा करून घेतला: पहिल्यांदा चुकीचा, दुसऱ्यांदा बरा. तेव्हापासून ओळखीचे आणि ओळखीच्यांचे ओळखीचे तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी मेकॅनिक नाही. डेंटरच्या, म्हणजे गाडीच्या पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराच्या, शेजारी स्टूल टाकून बसलेला गाडीमालक आहे, एवढंच. उदाहरणं ८०० ची आहेत, पण ओम्नी, झेन, पद्मिनी असली तरी फार फरक पडत नाही. जीप आणि जिप्सीचं थोडं वेगळं आहे, ते पुढे येईल.

फ्लोअर सडलाय हे ओळखायचं कसं?

आधी वासाने. पावसाळ्यात रात्रभर काचा बंद असलेली गाडी सकाळी उघडली आणि ओल्या गोणपाटासारखा कुबट वास आला, तर कार्पेटखाली पाणी आहे असं समजा. काचांना आतून वाफ धरते तीही त्याचीच खूण.

मग पुढच्या सीट काढा आणि कार्पेट पूर्ण उचला. कोपरा उचलून डोकावण्यात अर्थ नाही. जुना जाड स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि मुठीच्या बाजूने पत्रा ठोकत जा. धड पत्रा टणटण वाजतो, सडलेला बद्द. जिथे बद्द वाजेल तिथे टोक टेकवून जोर द्या. भोक पडलं तर ते तुम्ही पाडलेलं नाही. ते होतंच, रंगाने आणि डांबराने झाकलेलं होतं.

बघायच्या जागा ठरलेल्या आहेत: पाय ठेवतो तो खोलगट भाग, पेडलच्या वरचा कोपरा, सीटचे बोल्ट बसतात ती आडवी पट्टी, दाराच्या उंबऱ्याला फ्लोअर मिळतो तो सांधा, आणि मागच्या सीटखालची जागा. ही शेवटची बहुतेक जण बघतच नाहीत, कारण तिथे कुणाचा पाय लागत नाही.

गाडी खालून काळीकुळकुळीत, कोटिंगही शाबूत आहे. मग भोक कुठून आलं?

आतून. सडलेले जे तळ मी बघितले ते बहुतेक सगळे वरून खाली सडलेले होते. बाहेरच्या बाजूला पाणी लागतं आणि वाहून जातं, वारा लागतो, पत्रा सुकतो. आत मात्र कार्पेट, त्याखाली फेल्ट, त्याखाली डांबरी पॅड. एकदा फेल्टने पाणी प्यायलं की ते महिनोन्‌महिने सुकत नाही. म्हणजे पत्र्यावर ओली पोटीस बांधून ठेवल्यासारखंच.

माझी पहिली चूक इथेच झाली. एका गॅरेजमध्ये भोकावर पत्रा ठोकला, डांबर मारलं, कार्पेट अंथरलं. पाणी येत होतं ते येतच राहिलं, आणि दोन पावसाळ्यांत पॅचच्या कडेने नवीन भोकं पडली. पत्रा बदलायचा तर आधी पाणी शोधा. ते सापडलं नसेल तर वेल्डरला बोलावूच नका.

पाणी कुठून येतंय हे कसं शोधायचं?

दोन माणसं, एक पाइप आणि रिकामा अर्धा दिवस लागतो. कार्पेट काढलेल्या कोरड्या फ्लोअरवर वर्तमानपत्रं अंथरा. एकाने बॅटरी घेऊन आत बसायचं, दार लावायचं. दुसऱ्याने बाहेरून साध्या धारेने पाणी सोडायचं, पण खालून वर: आधी दाराचा खालचा भाग, मग दाराचं रबर, मग पुढची काच, शेवटी टप. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं हे कळत नाही. प्रत्येक जागी पाच-सात मिनिटं थांबा. घाई करणाऱ्याला गळती सापडत नाही.

पुढच्या काचेचं रबर वीसेक वर्षांनी लाकडासारखं कडक होतं आणि खालच्या कोपऱ्यातून पाणी घेतं. ते डॅशबोर्डच्या मागून उतरून पेडलपाशी साचतं, त्यामुळे गळती दारातून आहे असा भास होतो. वायपरखालच्या जाळीत पानं साठली की तिथलं पाणी बाहेर पडायची वाट बुजते. आमच्याकडे अंगणात सुरूची झाडं आहेत. त्या काड्या जाळीतून बरोबर आत शिरतात आणि तिथे त्यांचं घरटं होतं.

दारांचं गणित अनेकांना माहीत नसतं. काचेच्या फटीतून दाराच्या पोटात पाणी शिरणारच, गाडी तशीच बनवलेली असते. ते दाराच्या तळाच्या छिद्रांतून बाहेर पडतं. ती छिद्रं मातीने बुजली की दार सडतं. आणि दाराच्या पॅडमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो फाटला की पाणी केबिनमध्ये येतं. स्पीकर बसवणारी मुलं हा कागद टराटरा फाडतात आणि परत लावत नाहीत. स्पीकर बसवल्यानंतरच्या पावसाळ्यात फ्लोअर ओला व्हायला लागला असेल तर आधी तिथेच बघा.

एसी असेल आणि उन्हाळ्यातसुद्धा डाव्या बाजूचा फ्लोअर ओला होत असेल, तर पाऊस निर्दोष आहे. एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबलीय. ती साफ करायला पाच मिनिटं लागतात. ओल बोटांना बुळबुळीत आणि वासाला गोडसर लागली तर ते कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आहे, म्हणजे हीटर गळतोय.

किनाऱ्याजवळच गाड्या एवढ्या का सडतात? पाऊस तर घाटावरही पडतो.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, ते आठवा. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढून ओलं होतं. किनाऱ्यावर वर्षातले कित्येक महिने हवा तशीच असते. म्हणजे पत्र्यावर मिठाचा पापुद्रा असेल तर पाऊस नसतानाही पत्रा ओलाच. शिवाय खारं पाणी वीज चांगली वाहून नेतं, आणि गंजणं ही मुळात विजेच्या बारीक प्रवाहाचीच क्रिया आहे, त्यामुळे ती झपाट्याने होते.

दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा फेरीबोटींवरून नेहमी जाणाऱ्यांनी, आणि हौसेने पुळणीत गाडी घालणाऱ्यांनी, घरी आल्यावर गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवावं. बॉनेट आणि काचा धुणारे खूप दिसतात. चाकांच्या कमानींमागे पाइप घालणारा क्वचित.

फ्लोअर लॅमिनेशन केलंय. तेही काढावं लागेल का?

हो. लॅमिनेशन, म्हणजे फ्लोअरवर अंथरून बसवलेलं प्लास्टिकचं आवरण, नव्या कोरड्या गाडीत ठीक असेल, जुन्या गाडीत ते पाणी कोंडून ठेवतं. वरून पुसून लख्ख आणि खाली तळं. वापरलेली गाडी विकायच्या आधी कुणी नुकतंच लॅमिनेशन केलेलं असेल तर मी तरी संशय घेईन.

किती सडलं असेल तर धोका आहे?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि लोक तो सर्वात शेवटी विचारतात.

८०० ला वेगळी चॅसी, म्हणजे भार घेणारी खालची लोखंडी चौकट, नसते. फ्लोअर, उंबरे, आडवे मेंबर, खांब आणि टप हे सगळं मिळून एकच पेटी आहे आणि तीच गाडीचा सांगाडा. पाय ठेवतो त्या खोलगट भागात तळहाताएवढं भोक असेल तर ते वाईट दिसतं, पाणी येतं, पण गाडी मोडत नाही. तेवढंच भोक दाराच्या उंबऱ्यात, सीटच्या बोल्टपाशी, सीट बेल्ट जिथे कसलाय तिथे किंवा सस्पेन्शन जिथे बसतं तिथे असेल, तर गाडी चालवणं थांबवा. अपघातात सीट बेल्ट तुम्हाला धरतो खरा, पण बेल्टला पत्रा धरून असतो.

दोन सोप्या खुणा सांगतो. जॅक लावल्यावर गाडी उचलली जाण्याऐवजी पत्राच कर्रकन आत गेला, तर उंबरा गेलाय. आणि जॅकवर असताना दार लागायला किंवा उघडायला अडलं, तर पेटी वाकतेय. अशी गाडी साध्या पॅचने सुधारत नाही.

जीप आणि जिप्सीला खाली शिडीसारखी चॅसी असते. तिथे फ्लोअर सडला तरी भार चॅसी घेते, त्यामुळे धीर धरता येतो. मात्र चॅसीचे पाइप आतून सडतात आणि बाहेरून रंग छान दिसतो. तिथे हातोडीच खरं सांगते.

एम-सील, फायबर किंवा पॉप रिव्हेटने भागत नाही का?

बाजारात पोचण्यापुरतं भागतं. एम-सील आणि फायबर सडक्या कडेला चिकटतात, कड सडत राहते आणि एक दिवस अख्खी चकती हातात येते. रिव्हेट मारलेला पत्रा त्यापेक्षा बरा, पण दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पाणी बसतं आणि दोन्ही सडतात. वर सांगितलेल्या धोक्याच्या जागी यातलं काहीच चालत नाही. रिव्हेट मारून वर पुट्टी घासून रंगवलेला उंबरा मी बघितलाय. इतका सुंदर होता की मालकाला खरं सांगवेना.

पत्रा कुठला आणि किती जाडीचा घ्यायचा?

साधा सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे थंड लाटलेला) पत्रा, २० गेजचा. म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर. मूळ पत्रा त्याहून थोडा पातळच असतो, २२ गेजच्या आसपास. सीटच्या पट्टीला किंवा जॅकच्या जागेला १८ गेज, म्हणजे १.२ मिलिमीटर. "मजबूत होऊ दे" म्हणून १६ गेजचा पत्रा मागणारे असतात. जाड पत्र्याला वितळवायला लागणारी आच शेजारचा पातळ पत्रा जाळून टाकते, आणि पुढे जोडाच्या कडेलाच चीर पडते.

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, लवकर गंजत नाही म्हणून मोह होतो. वेल्डिंगच्या आचेने त्यावरचं जस्त उडून जातं, म्हणजे नेमकी जोडाची जागा उघडीच राहते. शिवाय तो पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. दूध प्यायलं की उतरतं असं जुने वेल्डर सांगतात. दुधाने काही होत नाही. जीआय वापरायचाच असेल तर कडांवरचं जस्त घासून काढा, मास्क लावा आणि काम उघड्यावर करा.

तयार फ्लोअर मिळतो का?

भंगारातल्या गाडीचा कापलेला फ्लोअर मिळतो, आणि मला तो नव्या सपाट पत्र्यापेक्षा आवडतो. मूळ फ्लोअरवर ज्या नक्षीसारख्या उभ्या घड्या दाबलेल्या असतात त्या शोभेच्या नाहीत. त्यांच्यामुळे पातळ पत्रा ताठ राहतो. सपाट पत्रा लावलात तर खड्ड्यातून जाताना डब्यासारखा वाजतो. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारात, किंवा जवळच्या शहरातल्या भंगारवाल्याकडे चौकशी करा. एकच अट ठेवा: तुकडा घाटावरच्या गाडीचा घ्या. किनाऱ्यावरच्या गाडीचा फ्लोअर आणलात तर दुसऱ्याचं दुखणं विकत घेतलंत. कापताना चारी बाजूंनी चार बोटं जास्तीचा कापून मागा.

गॅस, इलेक्ट्रिक की सीओटू वेल्डिंग?

सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तार वितळवून करतात ते. बारीक तार, आच एका जागी, पत्रा कमी वाकतो. तार ०.८ मिलिमीटरची सगळीकडे मिळते. पातळ पत्र्याला ०.६ ची जास्त बरी, पण ती शोधावी लागते.

इलेक्ट्रिक वेल्डिंग, म्हणजे ग्रिलवाला करतो ते, या पत्र्याला भोकं पाडतं. मग वेल्डर भोक बुजवायला अजून रॉड लावतो, अजून भोक पडतं, आणि शेवटी तिथे लोखंडाचा किल्ला तयार होतो. गॅसवर पितळ लावून जोडणारे जुने कारागीर अजून आहेत. त्यांचा हात असेल तर काम देखणं होतं, पण आच लांबवर पसरते, पत्रा वाकतो आणि मागच्या बाजूचा रंग जळतो. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या कारागिराचं गॅसचं काम मी आजही सीओटूवाल्या पोराच्या कामापेक्षा वर ठेवीन. पण तो अपवाद झाला.

प्रत्यक्ष काम कसं चालतं?

गाडी सपाट जमिनीवर घ्या. चाकं काढायची असतील तर भक्कम लोखंडी घोड्यांवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. सीट, कार्पेट, सीट बेल्टचे बोल्ट, पायदळीच्या पट्ट्या सगळं बाहेर. डांबरी पॅड खरवडायचे. ते थंड असताना छिन्नीने कडकडीत तुटतात, उन्हात चिकट होतात, म्हणून हे काम पहाटेचं.

मग सडका भाग कापायचा. इथे डेंटरशी वाद होतो. त्याला भोकाएवढंच कापायचं असतं, कारण पुढचं काम कमी होतं. तुम्ही चकचकीत धड पत्रा लागेपर्यंत कापायला सांगा. ग्राइंडरने घासल्यावर काळे टिपके दिसतायत म्हणजे अजून सडकाच आहे. मुठीएवढं भोक कापताकापता ताटाएवढं होतं, तेव्हा पोटात गोळा येतो. येऊ द्या.

दोन्ही बाजूंचे फ्लोअर गेले असतील तर एकदम दोन्ही कापू नका. एक बाजू पूर्ण जोडा, मग दुसरी. उंबराही कापायचा असेल तर आधी दाराच्या चौकटीत आडवा अँगल टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारून बसवा, नाहीतर पेटी खचते आणि दार पुन्हा नीट लागत नाही.

कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा साचा काढून त्याबरहुकूम पत्रा कापायचा, ठोकून आकार द्यायचा. साध्या सपाट भागात जुन्या पत्र्यावर नवीन पत्रा दीड-दोन सेंटिमीटर चढवला तरी चालतो. मी कडेला कड भिडवून जोडलेलं पसंत करतो, कारण पाणी बसायला फट राहत नाही. पण त्याला हात कसलेला लागतो. आधी चार कोपऱ्यांत चार टाके, मग समोरासमोर, मग मधे मधे. एका टोकापासून सुरू करून सरळ रेघ ओढत गेलं की पत्रा पापडासारखा फुगतो. घाई करणाऱ्या वेल्डरला चहा पाजा, तेवढ्यात पत्रा निवतो.

गाडीला आग लागेल का?

काळजी घेतली नाही तर लागते. पेट्रोलची नळी आणि ब्रेकच्या नळ्या तळाखालून जातात. वेल्डर वर बसलेला असतो आणि ठिणगी खाली पडते. नळ्या सोडवून बाजूला घ्या, टाकीजवळ काम असेल तर टाकी उतरवा, गॅस किट असेल तर सिलिंडर काढा. बॅटरीच्या दोन्ही वायर सोडा, इंजिनाचा कॉम्प्युटर असलेल्या गाडीत तर नक्कीच. उरलेलं फेल्ट आणि डांबर तासाभराने धुमसायला लागतं, म्हणून काम संपल्यावर लगेच गाडी बंद करून घरी जायचं नाही. एक माणूस फक्त ठिणग्या बघायला ठेवा. आमच्याकडे ते काम माझं होतं, बादली आणि ओलं पोतं घेऊन.

वेल्डिंगनंतर काय लावायचं?

त्याच दिवशी प्रायमर. घासलेला उघडा पत्रा आमच्या हवेत एका रात्रीत पिवळा पडतो. इपॉक्सी प्रायमर घ्या. नुसता रेडऑक्साइड मारून सोडला तर तो पाणी शोषतो. तो प्रायमरच आहे, त्यावर रंग हवाच. प्रायमरनंतर सगळ्या जोडांवर, वरून आणि खालून, सीलर. मग आतून रंग, खालून अंडरकोटिंग. उंबऱ्याच्या पोटात ब्रश जात नाही, तिथे मेण असलेला स्प्रे लांब नळीने मारतात. तळाची निचऱ्याची छिद्रं मात्र मोकळी ठेवा. कोटिंग मारणारा ती हमखास बुजवतो.

रस्ट कन्व्हर्टर?

हे गंजावर लावायचं रसायन. हलक्या, वरवरच्या गंजावर चांगलं काम करतं. पोपडे सुटलेल्या पत्र्यावर किंवा भोकावर पैसे वाया.

खालून जळकं ऑइल मारलं तर?

गावोगावी मारतात. थोडे दिवस पाणी लागू देत नाही हे खरं, पण ते रबरी बुश फुगवतं, त्यावर धूळ-माती चिकटते, अंगणात आणि विहिरीच्या वाटेवर ठिपकत राहतं. आणि पुढे कधी वेल्डिंग करायची वेळ आली की वेल्डर तुमचा उद्धार करतो.

खर्च किती येतो?

गावागणिक, माणसागणिक बदलतो, म्हणून आकडा देत नाही. यात पत्रा सगळ्यात स्वस्त. पैसे जातात ते माणसाच्या दिवसांत. सीट, कार्पेट, डांबर काढायचं काम घरी केलंत तर एक-दोन दिवसांची मजुरी वाचते. ठोक रक्कम ठरवताना दोन गोष्टी बोलून घ्या: कापल्यावर आणखी सडकं निघालं तर काय, आणि सीलर मारायच्या आधी मला जोड बघायला मिळतील ना. दुसऱ्या प्रश्नावर जो चिडतो त्याला काम देऊ नका.

आरटीओची अडचण येते का?

सडका पत्रा बदलणं म्हणजे गाडीत फेरफार नव्हे. चॅसी नंबर कोरलेला भाग मात्र कापू नका, घासू नका, त्यावर जाड कोटिंगही नको. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी आणि मग दर ५ वर्षांनी नूतनीकरणाला जाते. तेव्हा तपासणी होते आणि हा नंबर वाचता यावा लागतो. ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, त्यामुळे हा प्रश्न आज जवळपास प्रत्येक ८०० मालकाचा आहे.

एवढं करण्यासारखी गाडी आहे का ही?

एक फ्लोअर गेला असेल तर डोळे मिटून करा. दोन्ही फ्लोअर आणि एक उंबरा गेला असेल तर गाडीवर जीव असला तरच. दोन्ही उंबरे, सस्पेन्शनच्या जागा आणि पुढच्या खांबांची मुळं गेली असतील तर तिचं इंजिन, काचा, दारं दुसऱ्या कुणाच्या ८०० ला लागू द्या. मी ही शेवटची पायरी एका मित्राला सांगितली होती. तो सहा महिने बोलला नाही, आणि मग त्याच गाडीची दारं माझ्याकडे घेऊन आला.

पाणी साचतंच, तर फ्लोअरला मुद्दाम भोकं पाडून ठेवली तर?

कंपनीने पाडलेलीच आहेत. रबरी बुचं बसवलेली ती गोल छिद्रं बघा. धुताना बुचं काढा, पाणी जाऊ द्या, सुकल्यावर परत बसवा. नवीन बुचं पार्ट्सच्या दुकानात किरकोळ किमतीत मिळतात. जुनी कडक झालेली परत बसत नाहीत, म्हणून उन्हाळ्यातच आणून ठेवा. जूनमध्ये सगळे मागायला येतात.